प्री-टॅक्स की रॉथ? अमेरिकेत नव्याने पगार सुरू झालेल्यांसाठी निवृत्तीच्या पैशांची वाटणी

अमेरिकेतल्या नव्या नोकरीत लॅपटॉप आणि बॅज हातात पडला की एचआरकडून एक लिंक येते. आरोग्यविमा, दातांचा विमा, डोळ्यांचा विमा अशी पानं उलटत तुम्ही ४०१-केच्या, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्तीखात्याच्या, पानावर पोचता. तिथे विचारलेलं असतं, पगाराचे किती टक्के कापायचे? आणि खाली चौकटी असतात: प्री-टॅक्स, रॉथ, आणि काही कंपन्यांत तिसरी, आफ्टर-टॅक्स. बहुतेक जण शेजारच्या देशी सहकाऱ्याला विचारतात, ‘तू काय टाकलंस?’ आणि तेच टाकून मोकळे होतात. पण त्याचा पगार वेगळा, घरात कमावणारे किती ते वेगळं, ग्रीन कार्डाच्या रांगेतली त्याची तारीख वेगळी. त्याचं उत्तर त्याच्यापुरतं बरोबर असेलही. तुमचं तुम्हालाच काढावं लागतं. ते अर्ध्या तासाच्या आकडेमोडीत निघतं.

खालचे आकडे २०२६ या करवर्षाचे आहेत. मर्यादा आणि कराचे टप्पे आयआरएस (अमेरिकेचं करखातं) महागाईनुसार दरवर्षी बदलते, त्यामुळे जानेवारी आला की नवे आकडे बघून घ्यायचे. रीत मात्र तीच राहते.

पायरी १: आधी मॅच पदरात पाडून घ्या

प्री-टॅक्स की रॉथ हा वाद नंतर. बऱ्याच कंपन्या तुम्ही टाकलेल्या पैशांवर आपली भर घालतात, तिला मॅच म्हणतात. समजा कंपनी पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत डॉलरमागे ५० सेंट देते. तर ६ टक्के टाकेपर्यंत तुमच्या प्रत्येक डॉलरवर त्याच दिवशी निम्मी कमाई होते. हे सोडून दुसरीकडे कुठेही पैसे लावण्यात अर्थ नाही.

इथे दोन गोष्टी तपासा. पहिली, व्हेस्टिंग. तुमच्या पगारातून कापलेले पैसे पहिल्या दिवसापासून तुमचेच. कंपनीने टाकलेले पैसे मात्र तुमचे व्हायला वेळ लागू शकतो. कायद्याने कंपनी ते एकदम तीन वर्षांनी किंवा थोडे थोडे करत सहा वर्षांत तुमच्या नावावर करू शकते. एच-१बी या कामाच्या व्हिसावर दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याने ऑफर लेटरमधला पगार बघताना हेही बघावं. दुसरी गोष्ट, तुम्ही स्वतः सगळे पैसे रॉथमध्ये टाकले तरी कंपनीची मॅच सहसा प्री-टॅक्स खात्यातच जाते. रॉथमध्ये मॅच घालायची मुभा कायद्याने अलीकडे दिली आहे, पण तुमच्या कंपनीने ती सोय ठेवली असेलच असं नाही. म्हणजे ‘मी शंभर टक्के रॉथ’ म्हणणाऱ्याकडेही बहुधा प्री-टॅक्सचा एक गठ्ठा आपोआप साठत असतो. वाटणीचा हिशेब करताना तो धरायचा.

पायरी २: चौकटींमध्ये नक्की काय आहे

प्री-टॅक्स, म्हणजेच ट्रॅडिशनल: पैसे प्राप्तिकर कापण्याआधी पगारातून जातात, वाढतात, आणि म्हातारपणी काढताना जेवढे काढाल तेवढे त्या वर्षीचं उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. नव्या माणसाला पहिल्या पे-स्लिपवर एक धक्का बसतो: प्री-टॅक्स म्हटलं तरी सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के त्या पैशांवर कापले जातातच. सूट फक्त प्राप्तिकरापुरती.

रॉथ: आज कर भरून उरलेले पैसे टाकायचे, नियम पाळून काढले तर मुद्दलावरही कर नाही आणि वाढीवरही नाही. नियम दोन, वय साडेएकोणसाठ पूर्ण आणि खातं सुरू होऊन पाच करवर्षं झालेली. डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाचं हे खातं १९९७च्या कायद्याने आलं आणि कंपनीच्या ४०१-केमध्ये हा पर्याय २००६पासून मिळू लागला. ४०१-के त्याहून जुनं, १९७८च्या कायद्यातल्या कलमाचा क्रमांकच त्याचं नाव होऊन बसला.

तिसरी चौकट, आफ्टर-टॅक्स, पुष्कळांना रॉथच वाटते. ती रॉथ नाही. इथे कर भरलेले पैसे जातात, पण त्यावरच्या वाढीवर काढताना कर लागतो. हे पैसे लगेच रॉथमध्ये वळवायची सोय तुमच्या प्लॅनमध्ये असेल तरच या चौकटीला अर्थ आहे, आणि तोही पहिल्या दोन चौकटींची मर्यादा संपल्यावर. पहिल्या वर्षी तिला हात लावू नका.

मर्यादा: प्री-टॅक्स आणि रॉथ ४०१-के दोन्ही मिळून वर्षाला २४,५०० डॉलर. पन्नाशीपुढच्यांना आणखी ८,०००. त्यातही ज्यांचा त्या कंपनीतला आदल्या वर्षीचा पगार दीड लाख डॉलरच्या वर होता, त्यांना ही जादा रक्कम २०२६पासून रॉथमध्येच टाकावी लागते. ही मर्यादा माणसामागे असते, कंपनीमागे नाही. जुलैत नोकरी बदलली तर आधीच्या कंपनीत किती टाकले ते नव्या एचआरला ठाऊक नसतं. तो हिशेब तुमचा तुम्हीच ठेवायचा.

पायरी ३: एकच तुलना समजून घ्या

‘रॉथ टॅक्स-फ्री असतं, म्हणून रॉथच चांगलं’ हे वाक्य भारतीय पार्ट्यांमध्ये हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. कर आज भरला काय आणि तीस वर्षांनी भरला काय, दर सारखाच असेल तर हातात तेवढेच पैसे येतात.

बघा. तुमच्या कमाईतले १०,००० डॉलर, कराचा दर २४ टक्के, आणि पैसे चौपट होतील असं धरू. प्री-टॅक्समध्ये १०,००० टाकले, ४०,००० झाले, काढताना २४ टक्के गेले, उरले ३०,४००. रॉथमध्ये आधी २४ टक्के गेले, ७,६०० टाकले, चौपट होऊन ३०,४००. एका डॉलरचाही फरक नाही. काढताना दर १२ टक्के असेल तर प्री-टॅक्सवाल्याला ३५,२०० मिळतील. ३२ टक्के असेल तर २७,२००. रॉथवाला दोन्ही वेळा ३०,४००वरच. सगळा प्रश्न एवढाच: आज हा डॉलर ज्या दराने वाचतो, त्यापेक्षा काढताना दर कमी असेल की जास्त?

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आज तुम्ही खात्यात टाकता तो डॉलर पगाराच्या वरच्या टोकाचा असतो, म्हणजे तुमच्या सगळ्यात चढ्या दराचा. म्हातारपणी काढता तेव्हा मात्र उत्पन्न तळापासून भरत जातं: आधी स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातला सरसकट करमुक्त भाग), मग १० टक्के, मग १२. २०२६च्या आकड्यांनी एक निवृत्त जोडपं घेऊ, दुसरं काहीच उत्पन्न नाही, आणि ते प्री-टॅक्स खात्यातून वर्षाला ८०,००० डॉलर काढतात. जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन ३२,२००. करपात्र राहिले ४७,८००. पहिल्या २४,८००वर १० टक्के, म्हणजे २,४८०. उरलेल्या २३,०००वर १२ टक्के, म्हणजे २,७६०. एकूण फेडरल कर ५,२४० डॉलर. ऐंशी हजारांवर साडेसहा टक्क्यांच्या आसपास. हेच पैसे टाकताना त्यांनी २२ किंवा २४ टक्के वाचवले असतील, तर प्री-टॅक्सला नावं ठेवायचं कारण नाही.

दुसरी बाजूही आहे. म्हातारपणी सोशल सिक्युरिटी सुरू होते आणि तिचा ८५ टक्क्यांपर्यंत भाग करपात्र ठरू शकतो. शिवाय प्री-टॅक्स खात्यात पैसे कायमचे पडू देत नाहीत: १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना वयाच्या ७५व्या वर्षापासून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते. पहिल्या वर्षी शिलकीला २४.६ने भागायचं. खात्यात २४ लाख ६० हजार डॉलर असतील तर गरज असो नसो, एक लाख डॉलर काढा आणि कर भरा. जोडप्यातलं एक माणूस गेलं की दुसऱ्याला पुढे एकट्याचे कर-टप्पे लागतात, तेही साधारण निम्म्या रुंदीचे. तिशीत हे सगळं फार लांबचं वाटतं. पण पंचविशीपासून दोघं मिळून मर्यादेपर्यंत प्री-टॅक्समध्येच टाकत आलेल्या जोडप्याला हा प्रश्न खरोखर पडतो. रॉथमध्ये मालक हयात असेपर्यंत अशी सक्ती नाही. रॉथ ४०१-केमधली सक्तीही २०२४पासून गेली.

पायरी ४: तुमची रेघ कुठे आहे ते शोधा

आता कागद घ्या. वर्षाचा पगार लिहा, स्टँडर्ड डिडक्शन वजा करा (एकट्याला १६,१००, जोडप्याला ३२,२००), आणि उरलेली रक्कम कुठल्या टप्प्यात थांबते ते बघा. २०२६मध्ये एकट्या माणसासाठी १२ टक्क्यांचा टप्पा ५०,४००ला संपतो, २२चा १,०५,७००ला, २४चा २,०१,७७५ला. जोडप्यासाठी तेच आकडे १,००,८००, २,११,४०० आणि ४,०३,५५०. बारा आणि बावीस यांच्यामधली रेघ सगळ्यात महत्त्वाची, कारण तिथे दर एकदम दहा टक्क्यांनी उडी घेतो. बावीसवरून चोवीसवर जाताना फारसं काही बिघडत नाही. चोवीसवरून बत्तीसला मात्र पुन्हा मोठी उडी आहे.

उदाहरण. एडिसनमध्ये राहणारं जोडपं, एकाचा पगार दीड लाख डॉलर, दुसरं एच-४वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा), अजून कामाचा परवाना नाही. दीड लाखातून ३२,२०० गेले, करपात्र १,१७,८००. बाराची रेघ १,००,८००वर. म्हणजे पहिले १७,००० डॉलर प्री-टॅक्समध्ये टाकले तर प्रत्येक डॉलरमागे २२ सेंट वाचतात. त्यापुढच्या डॉलरमागे फक्त १२. बारा टक्के हा अमेरिकेतला स्वस्त दर आहे, तो भरून टाकावा. तर १७,००० प्री-टॅक्स, आणि मर्यादेपर्यंतचे उरलेले ७,५०० रॉथ. पन्नास-पन्नास टक्के असला गोल आकडा कुठून तरी उचलण्यापेक्षा ही वाटणी बरी, कारण ती तुमच्याच पगारातून निघते. राज्याचा कर आणि विम्याचा हप्ता धरला की रेघ थोडी सरकेल, हिशेब तोच.

डॅलसमधला एकटा इंजिनियर, पगार ९५,०००: करपात्र ७८,९००. बाराच्या रेघेपर्यंत यायला २८,५०० डॉलर कमी करावे लागतील, म्हणजे मर्यादेइतके सगळे २४,५०० टाकले तरी प्रत्येक डॉलर २२ टक्क्यांतच वाचतो. याचा कल प्री-टॅक्सकडे असावा. उलट, नुकती मास्टर्स करून वर्षाच्या मध्यावर ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थ्यांना मिळणारा कामाचा परवाना) नोकरीला लागलेल्या मुलीला त्या कॅलेंडर वर्षात अर्ध्याच वर्षाचा पगार मिळतो. ती १०-१२ टक्क्यांत असण्याची शक्यता मोठी. तिने ते वर्ष रॉथला द्यावं.

एक जादाची गंमत: मर्यादा दोन्हीकडे २४,५००च आहे, पण रॉथमधले २४,५०० कर भरून झालेले असतात. त्यामुळे जे दरवर्षी मर्यादा गाठतात आणि तरी पैसे उरतात, त्यांच्यासाठी रॉथच्या खात्यात खऱ्या अर्थाने जास्त पैसा मावतो. नव्याने लागलेल्या, घराचं भाडं आणि गाडीचा हप्ता भरणाऱ्या माणसाला हा मुद्दा सहसा लागू होत नाही.

पायरी ५: म्हातारपण कुठे जाणार?

इंग्रजीतल्या बहुतेक मार्गदर्शकांमध्ये हा प्रश्न नसतो, कारण ते लिहिणाऱ्यांना तो पडत नाही. आपल्याला पडतो.

आधी राज्याचं बघू. कॅलिफोर्नियाचा वरचा दर १३.३ टक्के, टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन इथे पगारावर राज्याचा करच नाही. १९९६च्या फेडरल कायद्याने एक स्पष्ट केलं आहे: तुम्ही राज्य सोडून गेलात, की जुन्या राज्याला तुमच्या ४०१-के किंवा आयआरए (कंपनीबाहेर स्वतः उघडायचं निवृत्तीखातं) यातून काढलेल्या पैशांवर कर लावता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये कमावून टेक्सासमधल्या ऑस्टिनला निवृत्त होणाऱ्याने प्री-टॅक्सने कॅलिफोर्नियाचा कर कायमचा चुकवला, तोही पूर्ण कायदेशीर. ऑस्टिनमध्ये कमावून नातवंडांसाठी कॅलिफोर्नियाच्या बे एरियात जाणाऱ्याचं उलटं होतं. त्याला रॉथ बरं. न्यू जर्सी ४०१-केवर राज्यकरातून सूट देते, पण ट्रॅडिशनल आयआरएवर देत नाही. पेनसिल्व्हेनिया टाकताना सूट देत नाही आणि निवृत्तीच्या वयात काढताना कर लावत नाही. आपलं राज्य कुठल्या गटात बसतं ते एकदा बघून ठेवा.

मग देश. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘तू ६५व्या वर्षी कुठे असशील’ असं विचारलं तर तो हसतो. पण कर याच उत्तरावर ठरतो.

तुम्ही अमेरिकन नागरिक झालात किंवा ग्रीन कार्ड ठेवलंत, तर पुण्यात राहिलात तरी अमेरिका तुमच्यावर नेहमीसारखाच कर लावते. (ग्रीन कार्ड १५ पैकी ८ वर्षं बाळगून मग परत करणाऱ्यांसाठी वेगळे, कडक नियम आहेत. परत करण्याआधी सल्ला घ्या.) नागरिकत्व नाही, ग्रीन कार्ड नाही, आणि भारतात परत गेलात तर अमेरिकेच्या दृष्टीने तुम्ही नॉन-रेसिडेंट. स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, आणि काही केलं नाही तर खात्यातून पैसे काढताना ३० टक्के कापून घेतात. भारत-अमेरिका करारातल्या कलम २० प्रमाणे खाजगी पेन्शनवर ती घेणाऱ्याच्या राहत्या देशानेच कर लावायचा आहे. त्याचा फायदा घ्यायला डब्ल्यू-८बेन हा फॉर्म द्यावा लागतो. नियमित हप्त्यांनी काढलेल्या पैशांना लागू होणारं कलम एकरकमी काढलेल्या रकमेलाही लागेल असं मात्र गृहीत धरू नका.

भारतात तो कर किती? नव्या करप्रणालीत, २०२५-२६च्या दरांनी, रहिवाशाला १२ लाख रुपयांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर सूट धरून कर शून्य. २० लाखांवर २ लाख, सेससह २ लाख ८ हजार, म्हणजे १०.४ टक्के. अमेरिकेत २४ टक्के अधिक राज्याचा कर वाचवून टाकलेला पैसा नाशिकमध्ये दहा टक्के देऊन हातात येत असेल, तर प्री-टॅक्स सरळ जिंकतं.

रॉथचं भारतात काय होतं ते फार थोडे लोक आधी विचारतात. रॉथची करमाफी अमेरिकेच्या कायद्याने दिलेली आहे. भारतीय आयकर कायद्यात रॉथसाठी वेगळी सूट नाही. परदेशी निवृत्तीखात्यांसाठी भारताने २०२१ साली १९६१च्या कायद्यात कलम ८९-अ आणलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या खात्यांवर दरवर्षीच्या वाढीऐवजी पैसे काढताना कर, अशी त्यात सोय आहे आणि त्यासाठी १०-ईई हा फॉर्म ठेवला. पण त्या कलमाची व्याख्या अशी आहे की खातं ज्या देशात आहे तिथे पैसे काढताना कर लागत असला पाहिजे. ट्रॅडिशनल ४०१-के त्यात नीट बसतं. रॉथमध्ये तर काढताना करच नाही, मग ते बसतं कसं? १ एप्रिल २०२६पासून भारतात २०२५चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. परतण्याच्या आदल्या वर्षी दोन्ही देशांचं जाणणाऱ्या सीएला गाठा, परतल्यावर नको.

परतणाऱ्याला एक खिडकी मिळते. बरीच वर्षं बाहेर राहून आलेला माणूस पहिली दोन-तीन वर्षं भारतात सहसा आरएनओआर (रहिवासी, पण करासाठी ‘सामान्य रहिवासी’ नाही) ठरतो, आणि त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर भारत कर लावत नाही. रॉथ आयआरएमध्ये तुम्ही टाकलेलं मुद्दल अमेरिका कधीही, कुठल्याही वयात करमुक्त काढू देते. त्या खिडकीत मुद्दल काढलं तर दोन्ही देशांत कर नाही. रॉथची वाढ मात्र साडेएकोणसाठच्या आधी काढली तर अमेरिकेचा कर आणि दहा टक्के दंड.

माझा कल विचाराल तर: परत जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त वाटत असेल तर २२ किंवा २४ टक्के भरून रॉथच्या मागे लागू नका. इथेच राहायचं नक्की असेल तर पायरी ४ मधल्या रेघेवर विश्वास ठेवा. ठरतच नसेल, आणि बहुतेकांचं ठरत नाही, तर मुख्य भार प्री-टॅक्सवर ठेवून कमी कमाईच्या वर्षांत रॉथ भरत जा.

पायरी ६: कंपनीबाहेरचं रॉथ आयआरए

कंपनीत रॉथ असो नसो, स्वतःचं रॉथ आयआरए कुठल्याही मोठ्या ब्रोकरेजमध्ये उघडता येतं. २०२६ची मर्यादा ७,५०० डॉलर, आणि ते पुढच्या वर्षी १५ एप्रिलपर्यंत भरता येतात. जोडप्यात एकालाच कमाई असेल तरी एकत्र रिटर्न भरत असाल तर दुसऱ्याच्या नावानेही तेवढेच टाकता येतात; एच-४वरच्या जोडीदारासाठी हा मार्ग कितीतरी घरं वापरतच नाहीत. सुरुवातीला शंभर डॉलर टाकून खातं उघडून ठेवलंत तरी चालेल, कारण पाच वर्षांचं घड्याळ त्या करवर्षाच्या १ जानेवारीपासून सुरू होतं. रॉथ ४०१-केचं घड्याळ वेगळं.

उत्पन्नाची अट आहे: एकट्याला १,५३,००० ते १,६८,००० आणि जोडप्याला २,४२,००० ते २,५२,००० यांच्या दरम्यान ही मुभा हळूहळू संपते. मर्यादेपलीकडे असताना टाकले तर चूक सुधारेपर्यंत दरवर्षी ६ टक्के दंड. वरच्या उत्पन्नाचे लोक बॅकडोअर करतात, म्हणजे ट्रॅडिशनल आयआरएमध्ये कर भरलेले पैसे टाकून ते रॉथमध्ये वळवायचे आणि ८६०६ हा फॉर्म भरायचा. सोपं आहे, पण एका अटीवर. तुमच्या सगळ्या ट्रॅडिशनल आयआरएंचे पैसे एकत्र धरले जातात. जुन्या ४०१-केतून आणलेले ६७,५०० प्री-टॅक्स डॉलर तिथे पडले असतील आणि तुम्ही नवे ७,५०० टाकून तेवढेच वळवले, तर त्यातले दहाच टक्के करमुक्त धरतात. ६,७५० डॉलरवर कर लागतो.

पायरी ७: नोकरी सुटली, बदलली, थांबली

नोकरी बदलताना जुनं ४०१-के चार ठिकाणी जाऊ शकतं: तिथेच ठेवा, नव्या कंपनीच्या प्लॅनमध्ये न्या, आयआरएमध्ये न्या, किंवा मोडून टाका. मोडू नका, साडेएकोणसाठच्या आत कर आणि दहा टक्के दंड दोन्ही. (ज्या वर्षी ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा नंतर ती नोकरी सोडली तर त्या कंपनीच्या ४०१-केपुरता दंड नाही.) बॅकडोअर करायचं असेल तर वरच्या कारणासाठी आयआरएमध्ये नेण्याऐवजी नव्या प्लॅनमध्ये न्यावं. रॉथचा भाग रॉथमध्येच जातो. दोन्ही ठिकाणी ‘डायरेक्ट रोलओव्हर’ असंच सांगा. चेक तुमच्या नावाने निघाला तर प्री-टॅक्स भागातून आधी २० टक्के कापून घेतात आणि ६० दिवसांत पदरची भर घालून पूर्ण रक्कम भरण्याची धावपळ तुमच्या गळ्यात पडते.

कमी कमाईचं वर्ष वाया घालवू नका. ले-ऑफनंतर सहा महिने घरी, बाळंतपणाची बिनपगारी रजा, एमबीएची दोन वर्षं: त्या वर्षी तुमचा टप्पा खाली आलेला असतो. आयआरएमधल्या प्री-टॅक्स पैशांतले थोडे त्या वर्षी रॉथमध्ये वळवले तर १० किंवा १२ टक्क्यांत काम होतं. किती वळवायचे? पुन्हा पायरी ४ची रेघ, तिच्या आतच. त्यावरचा कर भरायला हातात रोख मात्र हवी, वळवलेल्या पैशांतूनच कर भरला तर फायदा कमी होतो. आणि नोकरी गेलेल्या वर्षी आधी सहा महिन्यांचा घरखर्च, मग हे उद्योग. एच-१बीवर नोकरी गेली की नवी शोधायला सहसा ६० दिवसच मिळतात, त्यात रोख पैशाची किंमत रॉथपेक्षा जास्त.

पायरी ८: डिसेंबरचा अर्धा तास

४०१-केची कपात पगारातूनच होते, त्यामुळे ३१ डिसेंबरनंतर मागच्या वर्षाचं काही करता येत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शेवटची पे-स्लिप आणि बोनस बघून रेघ पुन्हा मांडा आणि टक्के बदला. पगारवाढ, लग्न, जोडीदाराची नोकरी, राज्य बदलणं, ग्रीन कार्ड मिळणं, यातलं काही घडलं असेल तर वाटणी बदलणारच.

त्याच बैठकीत वारसाचं नाव तपासा. विवाहितांच्या ४०१-केवर जोडीदाराचा हक्क कायद्यानेच असतो. आयआरएवर मात्र तुम्ही लिहाल ते नाव, आणि लग्नाआधी आई-बाबांचं लिहिलेलं असेल तर अजून तेच असतं. वारस भारतात असेल तर त्याला पैसे मिळताना तोच ३० टक्क्यांचा आणि डब्ल्यू-८बेनचा विषय येतो, तेव्हा खात्यांची यादी घरी कुणाला तरी सांगून ठेवा. ८६०६ फॉर्मच्या प्रती आणि रॉथमध्ये कुठल्या वर्षी किती मुद्दल टाकलं याची एक साधी शीटही त्याच फोल्डरमध्ये असू द्या. ब्रोकरेज बदललं की जुन्या नोंदी मिळवणं कटकटीचं होतं, आणि मुद्दल किती ते सिद्ध करणं तुमच्यावरच असतं.